खालचं भिंग

१

गोपालनं आजवर शेकडो लोकांच्या आया फोटोत बसवल्या होत्या. लग्नातल्या, बारशातल्या, एकसष्टीतल्या. कुणाचा पदर सारखा करायला सांगितला, कुणाला हसवलं, कुणाला दटावलंही. पण स्वतःच्या आईचा एक धड फोटो त्याच्याकडे नव्हता. कॅमेरा दिसला की मैनाबाई पदर ओढून घ्यायची, नाही तर तिला नेमकं तेव्हाच आत काहीतरी काम आठवायचं. गोपालच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती एकदाच सापडते. पंगतीच्या मागे, हातात वरणाची बादली, आणि तोंड दुसरीकडे.

अमरावतीहून मोर्शीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांचं वावर होतं. झेंडू, शेवंती, कडेला थोडा गुलाब. वडील, महादेवराव, गेले तेव्हापासून फुलांचा सगळा कारभार मैनाबाई आणि सून प्रणाली बघत. गोपालचा शहरात स्टुडिओ. प्रणालीची आई ती रांगत होती तेव्हाच गेली होती. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला धड वेणीही घालता येत नव्हती. मैनाबाईनं तिला समोर बसवून शिकवली. पुढे मूलबाळ झालं नाही, त्यावरून मैनाबाईनं तिला कधी एक शब्द ऐकवला नाही. दोघी सकाळी पडवीत समोरासमोर बसून हार ओवायच्या आणि गोपालला त्यांच्या बोलण्यात जागा नसायची.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की मैनाबाईचं हृदय थकलंय. जपा, एवढंच म्हणाले. गोपाल घरी आला, आईच्या पायाशी बसला, आणि पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की ही गेली तर भिंतीवर लावायला आपल्याकडे काही नाही.

त्याच सुमारास त्यानं अकोल्याहून एक जुना कॅमेरा आणला होता. जुन्या शहरात मोतीराम नावाचा म्हातारा मेकॅनिक कॅमेरे दुरुस्त करायचा, त्याच्याकडचा. डब्यासारखा, पुढे एकाखाली एक दोन भिंगं. वरच्या भिंगातलं चित्र माथ्यावरच्या घासलेल्या काचेवर पडतं, ते मान खाली घालून बघायचं. फोटो मात्र खालच्या भिंगातून निघतो. रोल मोठा, चौकोनी फोटोचा, फटफट काढायची सोय नाही. लग्नाच्या आधी फोटो काढणाऱ्या पोरापोरींना आता पुन्हा असलंच काहीतरी हवं असतं, म्हणून त्यानं घेतला होता.

मैनाबाईला तो कॅमेरा आवडला.

"हा बरा हाय," ती म्हणाली. "याच्यात तू मान खाली घालून उभा रायतं. डोये वटारून अंगावर नाई येत."

"मग बसतं का माय, एक काढतो."

"काढ बाप्पा. कवाचा मांगं लागला."

प्रणालीनं हातातला हार खाली ठेवला आणि तोंडावर हात धरून हसली. सासूनं फोटोला हो म्हटलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मधल्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीपाशी लाकडी खुर्ची ठेवली. खुर्चीच्या मागे बरंच अंतर सोडून वावरात उघडणारं मागचं दार. ते कडी लावून बंद. मैनाबाई बसली, मांडीवर हात घेतले. गोपालनं झाकण उघडून काचेत पाहिलं. आईचा चेहरा काचभर भरला होता. कपाळावरचं गोंदण, ओठांच्या कडेच्या सुरकुत्या, सगळं. डावं-उजवं उलटं, पण अगदी स्वच्छ. त्यानं श्वास धरून बटण दाबलं. मग अजून दोन काढले, आणि उरलेला रोल झेंडूच्या ढिगावर, गायीवर नि प्रणालीवर संपवला.

२

रोल त्यानं घरीच न्हाणीघरात धुतला आणि कपड्यांच्या दोरीला चिमटा लावून वाळत टाकला. उजेडापुढे धरला तेव्हा त्याला वाटलं, आपल्या हातून अंतराची चूक झाली.

फोटोत आई लांब बसली होती. चेहरा काचभर होता तो फोटोत सुपारीएवढा. पूर्ण खुर्ची, तिच्यापुढची मोकळी जमीन, खिडकीचा खालचा भाग, सगळं आलं होतं. दुसऱ्या फोटोत खुर्ची आणखी थोडी मागे. तिसऱ्यात आणखी.

जुन्या कॅमेऱ्यात शंभर भानगडी असतात. कुणीतरी खालचं भिंग बदलून भलतंच बसवलं असेल, मग वरचं एक दाखवणार आणि खालचं दुसरं काढणार. गोपालनं स्वतःला हेच समजावलं. पण त्याच रोलवर प्रणाली होती, जवळून काढलेली, आणि काचेत दिसली तशीच आली होती. झेंडूचा ढीग तसाच. गाय तशीच.

दुसऱ्या दिवशी त्यानं खडू आणला. खुर्चीच्या चारी पायांभोवती फरशीवर गोल काढले. कॅमेरा तीन पायांच्या घोडीवर घट्ट बसवला.

"हे काय रे, कुंडली मांडून राहिला का?" मैनाबाईनं विचारलं.

"तू हलू नको म्हणून."

"मी कुठी जातो आता? दारापर्यंत गेली तरी दम लागते मले."

गोपालनं अख्खा रोल तिच्यावर काढला. दर फोटोनंतर वाकून बघितलं. खुर्चीचे पाय खडूच्या गोलात होते. शेवटपर्यंत.

संध्याकाळी रोल धुतला. वाळेपर्यंत धीर धरवेना म्हणून ओलाच खिडकीशी धरला. फोटोत फरशीवर खडूचे चार गोल होते, स्वच्छ, आणि त्यांत काही नव्हतं. खुर्ची त्यांच्या मागे होती. पुढच्या फोटोत आणखी मागे. शेवटच्या फोटोत तर खुर्चीची पाठ मागच्या दाराला टेकायला आली होती आणि तिच्यात बसलेल्या बाईचं तोंड ओळखू येत नव्हतं.

प्रणाली सासूला आत्याबाई म्हणायची. ती आतून म्हणाली, "आला का व आत्याबाईचा फोटो? दाखवा ना."

"खराब झाला," गोपाल म्हणाला. "कॅमेऱ्यातच दोष आहे."

३

मोतीरामचं दुकान म्हणजे एका गल्लीतली अरुंद खोली. टेबलावर छोटे स्क्रू, ब्रश, जुनी भिंगं. गोपालनं कॅमेरा पुढे ठेवला आणि वरचं-खालचं भिंग जुळत नाही असं सांगितलं.

म्हाताऱ्यानं मागचं झाकण उघडलं. जिथे फिल्म असते तिथे बटर पेपरचा तुकडा ताणून लावला. शटर उघडं राहील असं बटण अडकवलं. आता खालचं भिंग जे बघत होतं ते त्या कागदावर उमटलं, डोकं खाली पाय वर. गोपालला समोर उभं करून मोतीरामनं आधी वरच्या काचेत पाहिलं, मग कागदावर, मग पुन्हा काचेत.

"भाऊ, दोन्ही डोये एकच पाहून राहिले," तो म्हणाला. "केसाचा फरक नाही."

मग मोतीराम समोर उभा राहिला आणि गोपालनंही पाहिलं. काचेतला मोतीराम आणि कागदावरचा मोतीराम एकच होता, फक्त कागदावरचा उलटा टांगलेला.

मग त्यानं खिशातून निगेटिव्हची पट्टी काढून दिली. मोतीराम भिंग डोळ्याला लावून बराच वेळ ती बघत बसला. बाहेर एक हातगाडीवाला बोरं विकत ओरडत होता, तो पार गल्लीच्या टोकाला गेला तरी म्हाताऱ्यानं भिंग खाली ठेवलं नाही.

"माय होय का तुमची?"

"हो."

"बिमार हाय?"

"हो."

मोतीरामनं पट्टी नीट गुंडाळून परत दिली. कॅमेरा फडक्यात बांधला. "याच्यात दुरुस्त करन्यासारखं काही नाही," तो म्हणाला, आणि दारापर्यंत सोडायला आला. एवढं तो कुणासाठी करत नसावा, कारण चपला शोधायलाच त्याला वेळ लागला.

परतीच्या एसटीत गोपालनं कॅमेरा मांडीवर धरला होता. दोष सापडला असता तर बरं झालं असतं, असं त्याला सारखं वाटत राहिलं.

४

आठवडाभर त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग एका दुपारी राहवेना. प्रणाली फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात गेली होती. मैनाबाई आपणहून त्या खुर्चीत येऊन बसली होती, ऊन चांगलं येतं म्हणून. मागचं दार कडी लावून बंद होतं. गोपालनं ती कडी हातानं ओढून पाहिली.

त्यानं कॅमेरा लावला, मागचं झाकण उघडलं आणि बटर पेपर ताणला.

"आज उलटीकडून पाहतं का?" मैनाबाई म्हणाली.

"हो माय. तू बोलत राहा."

"काय बोलू?" असं म्हणून ती बोलायला लागली. तिच्या माहेरची, परतवाड्याकडची गोष्ट. बाजाराच्या दिवशी ती तिच्या मावशीचा हात सोडून हरवली होती आणि एका बांगडीवाल्यानं तिला दिवसभर पाटीशी बसवून ठेवलं होतं. गोपालनं डोक्यावरून काळं फडकं ओढलं आणि बटण दाबून धरून शटर उघडं ठेवलं.

कागदावर खोली उलटी लटकत होती. वर फरशी, खाली छत. खिडकीचा उजेड उलट्या बाजूनं येत होता. गोपालनं मान वाकडी करून चित्र सरळ लावायचा प्रयत्न केला. खडूचे गोल होते. गोलांच्या मागे खुर्ची. खुर्ची रिकामी.

"...मले भूक लागली त त्यानं लाह्या देल्ल्या," आईचा आवाज समोरून येत होता. "मी रडली नाई बरं. मले वाटलं, कोनी ना कोनी येतेच."

कागदावर मागचं दार उघडं होतं. सताड. दारातून इतका उजेड आत येत होता की कागदाचा तेवढा भाग जळल्यासारखा पांढरा दिसत होता. आणि त्या उजेडात, अजून घरातच पण दाराशी पोहोचलेली, एक नऊवारीतली पाठ होती. लहानसा अंबाडा. एक हात भिंतीला. दम खात उभी असल्यासारखी.

गोपालनं फडकं फेकून समोर पाहिलं. मैनाबाई खुर्चीत बसली होती. मागे दार बंद, कडी लावलेली.

"काहून रे? असा काय पाहतं?"

"काही नाही माय."

"मंग पाय ना आपलं काम." ती हसली. "मावशी संध्याकाळी आली. मले बांगडीवाल्याच्या पाटीपाशी पाहून इतकी रडली का मलेच तिले चूप करा लागलं."

त्याला पुन्हा कागदाकडे बघायचं नव्हतं. तरी नजर गेलीच. पाठ उंबरठ्याशी आली होती. मान किंचित फिरलेली, मागून कुणी हाक मारतंय का हे ऐकत असल्यासारखी.

गोपालनं बटण सोडलं. शटर खटकन मिटलं. त्यानं कॅमेरा फडक्यात गुंडाळला, कपाटात सगळ्यात वर ठेवला आणि किल्ली खिशात घातली. मग आईजवळ जाऊन तिचा हात हातात घेऊन बसला. तिचा हात गरम होता. तेवढ्यावर त्यानं समाधान मानलं.

५

त्या दिवसापासून मैनाबाई बसेनाशी झाली. आधी पाय सुजले, मग धाप लागायला लागली. अमरावतीच्या दवाखान्यात काही दिवस ठेवलं, नाकात नळी, हाताला सुई. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, घरच्या माणसांत राहू द्या. घरी आणून खाट मधल्या खोलीत, खिडकीपाशी टाकली.

गोपालला वाटलं होतं की कॅमेरा कपाटात आहे तोवर आई घरात आहे. आणि खरंच, ती घरात राहिली. पण ते राहणं बघवत नव्हतं. अन्न जाईना. झोप लागेना. रात्रंदिवस श्वासाची घरघर, जणू कुणी लांबून चालत आलंय आणि त्याला कुठे टेकायला मिळत नाही. आता जाईल म्हणून नातेवाईक दोनदा जमले आणि दोनदा परत गेले. प्रणाली तिच्या उशाशी बसून पाठ चोळायची, आणि गोपाल पडवीत जाऊन कानांवर हात ठेवायचा.

एका सकाळी मैनाबाईनं त्याला बोलावलं. एकेक शब्दाला थांबत ती म्हणाली, "गोपाल, मले कोनं धरून ठेवलं रे?"

"कुणी नाही माय."

"मी उंबऱ्यात उभी हाय असं वाटते. ना अंदर, ना बाहेर. पाय लय दुखतात."

गोपालची नजर कपाटाकडे गेली. त्यानं तिला कागदाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तो फोटो राह्यला ना माया," ती म्हणाली. "काढून टाक."

"बरी हो, मग काढू."

तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लहानपणी तो खोटं बोलला की असंच बघायची.

प्रणाली त्याला बाहेर घेऊन आली. तिचे डोळे जागरणानं सुजले होते. "काढा ना व. कायले अडून बसले तुमी? एवढी एकच गोष्ट त मांगून राहिल्या त्या."

"तुला माहीत नाही काही."

"मले एवढं माईत हाय का त्याईले तरास होऊन राहिला." ती रडायला लागली. "मायी माय गेली तवा मले समजत नोतं. आता समजते. अशी नका ठेवू त्याईले."

गोपालनं कपाट उघडलं.

दुपारचं ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं. प्रणालीनं सासूला उशा लावून बसवलं, केस विंचरले, कुंकू नव्हतं म्हणून कपाळावर नुसतं बोट टेकवलं, आणि गोपालच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. गोपालनं काचेत पाहिलं. आई होती. खाटेवर, खंगलेली, पण डोळे त्याच्याकडे लागलेले. काचेपुरतं तरी ती तिथेच होती.

"माय," तो म्हणाला. म्हणायचं अजून पुष्कळ होतं, पण ते सगळं या एका शब्दात आधीच येऊन गेलं होतं.

"हो," मैनाबाई म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. शटरचा आवाज झाला, आणि त्यानंतर खोलीत दुसरा आवाज उरला नाही. ती घरघर थांबली होती. प्रणाली धावली. गोपाल मात्र मान खाली घालून काचेतच बघत राहिला, जिथे प्रणाली उलट्या बाजूनं आत आली आणि आईला कवळून ओरडली.

६

तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. लग्नातल्या अल्बममधला बादलीवाला फोटो कापून मोठा करावा असं नातेवाईक म्हणत होते. गोपाल तो रोल धुवायला तयार नव्हता. शेवटी धुतला, कारण प्रणाली रोज विचारत होती.

रोलवर एकच फोटो होता. खाट रिकामी होती, चादरीवर उशांचा ढीग तेवढा. मागचं दार उघडं. आणि उंबरठ्याच्या पलीकडे, उन्हात, मैनाबाई उभी होती. मागे वळलेली. इतक्या लांबून चेहरा दिसायला नको होता, पण दिसत होता. गोंदणासकट. ती हसत होती. पायांवर सूज नव्हती. गोपालनं आयुष्यात काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो होता, हे त्याला लगेच कळलं आणि तो न्हाणीघराच्या फरशीवर बसून पोटभर रडला.

रडू ओसरल्यावर त्यानं पुन्हा पाहिलं. आईची नजर कॅमेऱ्यावर नव्हती. जरा बाजूला होती, कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला. आणि तिनं एक हात पुढे केला होता, तळवा वर, बोटं किंचित वळलेली. लहान पोराला जवळ बोलवताना करतात तसा.

डाव्या हाताला कोण उभं होतं, ते आठवायची गरज नव्हती.

त्यानं तो फोटो लपवायचं ठरवलं होतं. पण प्रणाली दारात येऊन उभी राहिली होती. तिनं त्याच्या हातातून पट्टी घेतली, उजेडाला धरली. डोळ्यांजवळ आणून पुन्हा पाहिली. मग तिचा चेहरा फुलला. गेल्या कित्येक दिवसांत तो तसा फुलला नव्हता.

"बाहेर कवा काढला हा? बऱ्या होत्या तवाचा असन," ती म्हणाली. "अन् पाहा ना व, मायाकडेच पाहून राहिल्या. मलेच बोलावून राहिल्या."

रिकाम्या खाटेकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. गोपाल हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

फोटो मोठा करून तिनंच फ्रेम करून आणला आणि मधल्या खोलीत, मागच्या दाराच्या वर लावला. रोज हार घालते. कधी कधी त्याच्याशी बोलतेही. गोपाल त्या खोलीतून जाताना मान वर करत नाही.

महिनाभरानं तिनं विचारलं, "माया बी एक काढा ना त्या कॅमेऱ्यात. आत्याबाईसारका."

"शटर अडकलंय," तो म्हणाला.

शटर अडकलेलं नव्हतं. तो कॅमेरा विकू शकला असता, विहिरीत टाकू शकला असता. पण आता त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: बघून घ्यावं. एकदाच. बटर पेपरवर प्रणाली जागच्या जागी दिसली की मन मोकळं होईल. आणि नाही दिसली तर? तो इथवर यायचा आणि परत फिरायचा.

एका सकाळी प्रणाली खुर्चीत बसून शेवंतीचा हार ओवत होती. ऊन तिच्या हातांवर होतं. गोपालनं कॅमेरा काढला, घोडीवर लावला, मागे कागद ताणला. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं, हसू दाबत. त्यानं शटर उघडलं. आता फक्त मान खाली घालायची होती.

त्यानं मान खाली घातली नाही. कॅमेऱ्याच्या वरून तो सरळ तिच्याकडे बघत राहिला. तिच्या कानामागची पांढरी बट, सुई धरलेली बोटं, ओठांत धरलेला दोरा. डोळ्याच्या खालच्या कडेला कागद उजळलेला जाणवत होता. त्यावर काहीतरी सावकाश हललं. त्यानं नजर खाली जाऊ दिली नाही.

"काय पाहून राहिले?" प्रणालीनं विचारलं.

"तुलाच."

"मंग काढा ना फोटो."

"काढतो," गोपाल म्हणाला. "बस जराशी. घाई काय आहे."

ती पुन्हा फुलं ओवायला लागली. तो उभा राहिला, बटण दाबून धरलेला अंगठा दुखेपर्यंत, आणि त्यानंतरही.